हॉलमधला ड्रम

रात्री साडेदहानंतर मी दिवाण हलवते.
खालच्या मजल्यावरच्या बिडवेकाकू सकाळी जिन्यात विचारतात,
"काल पुन्हा पूर्वेकडं का?"
घासटण्याच्या आवाजावरून त्यांना आता दिशा कळते.

काय सांगू त्यांना.
मार्चमध्ये ऊन टेबलाच्या कडेपर्यंत यायचं,
मे लागला की हात आखडता घेतं.
मग टेबलानंच दोन पावलं पुढं जायला नको का?

वडिलांच्या घरी एक ट्रंक होती आणि एक घडीची खाट.
मांडायला काही नव्हतं, म्हणून मी कागदावर मांडायचे.
गणिताची चौकटी वही, एक चौकट म्हणजे एक फूट.
इथं सोफा, इथं पुस्तकांचं कपाट,
आणि इथं नुसती मोकळी जागा,
कुणी विचारलं तर आहे म्हणून सांगायला.
गुरुजींनी वही पाहिली. म्हणाले, क्षेत्रफळ बरोबर आहे,
पण उदाहरण कुठलं सोडवलंस?

आता लातूरला, औसा रोडवर, भाड्याच्या दोन खोल्या.
मालकांची एकच अट: भिंतीला खिळा नको.
म्हणून माझी चित्रं खाली बसतात, भिंतीला टेकून,
लग्नघरी फार लवकर आलेल्या पाहुण्यांसारखी.
हिमरूचा तुकडा आहे, उशीच्या अभ्र्यापुरता,
तोही जोडलेला; जोड मागच्या बाजूला घेतलाय.
बाभळीचं स्टूल नरहरी पांचाळांनी केलं.
ते अजून म्हणतात, "सागात करून देतो की, मॅडम."
मी नको म्हणते. बाभूळ हाताला खरं बोलते.

एक क्लास बंद पडला तेव्हा चाळीस खुर्च्या भंगारात निघाल्या,
लिहायची फळी असलेल्या. मी एक उचलली.
"हे कशाला घेऊलालाव?" म्हणत पांचाळ रंधा घेऊन बसले.
फळीवर कर्कटकानं कोरलेलं होतं:
बेंझिनचा षटकोन, अर्धा बदाम,
आणि खाली, बारीक, "शनवारी घरी".
म्हटलं, रंधा इथं नको.
पॉलिश करा, पण वाचता आलं पाहिजे.

तर ड्रम.
दोनशे लिटरचा, निळा.
नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता त्या साली
तो हॉलमध्ये आला, कारण न्हाणीच्या दारातून आत जाईना.
ऑफिसातली मेहरुन्निसा म्हणाली, झाकून टाक गं.
मी वर गोल फळी ठेवली, फळीवर दिवा,
कडेनं जुनं इरकली लुगडं चुण्या घालून सोडलं.
पाहुणे त्यावर कप ठेवायचे,
"छान आहे हो, कुठून घेतलं?"
मी कप उचलायचे, दिवा उचलायचे, फळी उचलायचे
आणि तांब्या बुडवायचे.
त्या आवाजापुढं घरातलं बाकी सगळं सामान
उगीचच उभं असल्यासारखं वाटायचं.

मागच्या वर्षी गच्चीवर टाकी बसली.
ड्रम खाली नेताना जिन्यात आडवा झाला,
रिकामं पोट तीन मजले वाजलं.
शहाबादी फरशीवर क्षारांचं पांढरं वर्तुळ राहिलं.
चिंच लावली, लिंबू लावलं,
काकूंनी ॲसिड सुचवलं.
अर्धवट घासलं, मग सोडलं.

त्या जागी काय नाही ठेवून पाहिलं.
कुंडी. स्टूल. वेताची टोपली.
दोन दिवस बरं दिसायचं, मग खुपायला लागायचं.
काल खुर्ची ठेवली, उचलून, आवाज न करता,
फळी खिडकीकडं. चारही पाय जेमतेम कडेच्या आत.
बसले. नवी चौकटी वही उघडली
आणि घरातलं सगळं सोडून आधी ते वर्तुळ काढलं.

वर्तुळ चौकटींत नीट बसत नाही.
कडेच्या चौकटी तुटतात.
अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण धरायची,
कमी असेल तर सोडून द्यायची,
असं शिकवलं होतं गुरुजींनी.

मी एकही सोडली नाही.